न पाहता वाचणारी पोरगी

पाटण, ता. झरी जामणी
६ जानेवारी

रोशन,

जयभीम. पुढे ‘सप्रेम’ लिहायचं होतं, पण पेन अडलं. राहू दे.

फोनवर बोललं की दुसऱ्याच वाक्याला आपलं भांडण होतं आणि तिसऱ्याला तू ‘नेटवर्क नाही’ म्हणून ठेवून देतोस. नेटवर्क माझ्या पोडावर, या कोलामांच्या वस्तीवर नसतं, दिग्रसच्या भर बाजारात नसतं हे मी पहिल्यांदाच ऐकलं. म्हणून हे पत्र. याला मध्येच कापता येत नाही. आईंसमोर मी तुला ‘अहो’ म्हणते ते चालू राहील, पण इथं आपण पुसदच्या डी.एड.ला एकाच बाकावर बसलेले, तेव्हा इथं तू म्हणजे तू.

मुद्द्याचं आधी लिहिते. लच्छीला वाचता येत नाही.

हो, तीच. तुझ्या व्हिडिओतली. डिसेंबरात तू दोन दिवसांची रजा टाकून माझ्याकडे आलास, माझ्या वर्गात मागे बसलास आणि लच्छी टेकामनं आपल्या राष्ट्रपतींचं ते चित्रांचं पुस्तक उभं राहून घडाघडा वाचलं. कोलाम पोडावरची तिसरीतली पोरगी, घरी मराठीचं नाव नाही, आणि वाचते कशी तर रेडिओसारखी. तुझे डोळे भरून आले होते, माझेही आले होते. तू ते मोबाईलमध्ये घेतलंस आणि तुमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर टाकलंस. तिथून ते कुठं कुठं गेलं ते तुलाच माहीत. आता फेब्रुवारीत यवतमाळला शैक्षणिक मेळावा, तिथं स्टेजवर लच्छी वाचणार आणि ‘चित्रचरित्रातून वाचन’ या विषयावर तू बोलणार.

आता मी काय पाहिलं ते ऐक. पुस्तक एकच, तू नागपूरहून आणलेलं. ते रोज एकेका पोराच्या घरी मुक्कामाला जातं, त्यामुळं त्याची पानं सुटली. गेल्या आठवड्यात मी घाईत स्टेपल मारले आणि पानं मागेपुढे झाली. माझ्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी लच्छी वाचायला उभी राहिली. पुस्तकात समोर राष्ट्रपती भवनाचं मोठं चित्र, आणि ती म्हणते, “ती रोज शाळेत जायची. तिला शाळा फार आवडायची.” पान उलटलं. समोर शाळा, फळा, पाटी. ती म्हणते, “आता ती देशाची राष्ट्रपती झाली.” बोट ओळीवरून छान सरकत होतं. मागून अख्खा वर्ग तिच्याबरोबर म्हणत होता. आधी मला हसू आलं. मग मी पुस्तक घेऊन पानं तपासली.

सगळं पाठ आहे, रोशन. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. एका अक्षराची ओळख नाही.

यात माझी पद्धत काय चुकली तेच कळेना. चित्र दाखवायचं, त्यांच्या भाषेत बोलू द्यायचं, घराला ते एल्ला म्हणतात, पाण्याला ईर, ते सगळं बोलून झालं की मराठी शब्द, मग मी ओळीखाली बोट धरून वाचायचं, मग त्यांनी. हेच तर आपल्याला शिकवलं होतं. आणि पोरं किती रमली होती! एवढ्या मोठ्या घरात झाडू कोण मारते, हा प्रश्न आठवडाभर चालला. राष्ट्रपती आधी शाळेत बाई होत्या हे कळल्यावर तर मलाच विचारलं, “बाई, मंग तुमी कधी होनार?”

मी तुला फोन केला तेव्हा तू काय म्हणालास? “अवं, पोट्टी बोलते न? झालं मंग. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

ती मूठ स्टेजवर कोणी उघडली तर? कोणा साहेबानं कौतुकानं दुसरंच पान काढून दिलं तर? भरल्या सभागृहात माईकसमोर ती पोरगी तोंड उघडून उभी राहील आणि लोक हसतील. तुझा एक कार्यक्रम बिघडेल, दुसरा मिळेल. तिनं मात्र परत पुस्तकाला हात लावला तर माझं नाव बदल. तिचं नाव काढून टाक. एवढंच मागते.

साधना


१५ जानेवारी

रोशन,

तीन पानी पत्राला तू मोबाईलवर एक अंगठा पाठवलास. खाली ओळ, ‘पत्रिका छापून झाली, आता नाव निघत नाही.’ बरं झालं, निदान अंगठ्याखाली ओळ तरी होती.

नंतर तू ‘हळूहळू येईल की’ असंही लिहिलंस. महिन्याभरात पी हळद अन् हो गोरी, असं वाचन येत असतं तर आपल्याला पगार कशाला दिला असता? तरी मी लागले कामाला. मला दुसरं सुचतच नव्हतं. खोलीत बसवत नाही, भाजी करपते, स्कूटीची चावी लावून मी चावी शोधते.

तर मी काय केलं. पुस्तकातली वाक्यं जाड कागदावर लिहिली, कात्रीनं शब्द वेगळे केले, टोपलीत घालून ढवळले. लच्छीला एक शब्द काढायला लावला. ‘शाळेत’ निघाला. तिनं तो हातात धरला, डोळे मिटले आणि सुरू केलं, “एका लहान गावात एक मुलगी होती.” बोटांवर शब्द मोजत मोजत ती ‘शाळेत’पर्यंत आली की नाही, तेही कळेना, कारण ती थांबलीच नाही, पुढे निघून गेली. मी थांबवलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा माझा तोल गेला. मी सगळ्या वर्गासमोर म्हणाले, “तुला वाचता येत नाही, लच्छी. तू नुसतं पाठ केलंयस.”

तिनं शब्द टोपलीत नीट ठेवला, दप्तर उचललं आणि घरी गेली. त्या दिवसापासून शाळेत नाही.

स्टेजवर कोणी तिची लाज काढेल म्हणून मी तुझ्याशी भांडत होते आणि इथं मीच काढून बसले. आता हस.

काल तिच्या घरी गेले. लच्छी मला पाहून मागच्या दारानं पळाली. तिची आजी हंसाबाई अंगणात तूर बडवत बसली होती. तिनं खाट टाकली, काळा चहा दिला. मग म्हणाली, “बाई, पोट्टी म्हनते तिले येत नाही. मले तं सारं येते तिचं. मंग तिले काहून नाही?”

मी म्हटलं, आजी, तिला तोंडपाठ येतं, पाहून वाचता येत नाही.

“पाहून?” म्हातारीनं काठी बाजूला ठेवली. “आमच्या इथं लगन लागते, देवाचं काम होते, तवा सांगनारा मानूस कागुद पाह्यते काय? ज्याले येते तो डोये मिटून सांगते. पाहून पाहून तं कोनीबी सांगन. तुमी माह्या नातीले पाहून बोलाले लावता, म्हंजे तिले येत नाही असंच झालं न!”

मग सगळं उलगडलं. मी वर्गात वाचायचे ते लच्छी घरी जाऊन सांगायची. आजी ऐकायची, आणि नातीकडून घोटून घ्यायची. पुस्तक घरी मुक्कामाला आलं की ते मांडीवर ठेवायचं, त्याच्यावर हात फिरवायचा आणि न पाहता सांगायचं. पाहिलं की आजी ओरडायची. पोडावरची सगळी पोरं मग तिचंच बघून तसं करायला लागली. मी ज्याला वाचन म्हणते ते त्यांच्या लेखी कच्चं लिंबू आणि तिथं जे पक्कं, त्याला मी सगळ्यांसमोर खोटं म्हटलं.

मला राग आला. हंसाबाईचा नाही. कोणाचा ते नीट सांगता येत नाही, पण येताना स्कूटी दोनदा बंद पडली आणि दोन्ही वेळा मी तिला लाथ मारली.

निघताना म्हातारी काय म्हणाली ते लिहायचं राहिलं. फार खुशीत म्हणाली, “त्या गोष्टीत आजीच नोती, बाई. आजीबिगर पोट्टी मोठी होते काय कुठी? मंग मीच घातली.”

मला तेव्हा अर्थ लागला नाही. टेकडीवर नेटवर्क येतं तिथं थांबून तुझा व्हिडिओ लावला. ऐक तूही. शेवटच्या पानाच्या आधी लच्छी म्हणते, “दिल्लीला जाण्याआधी ती आजीच्या पाया पडली.” पुस्तकात हे वाक्य नाही. कुठल्याच पानावर नाही. तू तो व्हिडिओ कापला, जोडला, वर अक्षरं टाकली. केंद्रप्रमुखांनी पाहिला, मी कितीदा पाहिला, अख्ख्या जिल्ह्यातल्या मास्तरांनी टाळ्या पाठवल्या. आपल्यापैकी एकानंही पुस्तकात पाहिलं नाही.

साधना


२८ जानेवारी

रोशन,

तू फोन उचलत नाहीस. आईंनी उचलला, “जेवलीस का” विचारलं आणि तू आंघोळीला गेलायस म्हणाल्या. संध्याकाळी सहा वाजता. बरं.

तुला रागच आला असेल तर येऊ दे, पण हे वाच. माझ्याजवळ सांगायला दुसरं कोणी नाही आणि मला आज सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सव्वीस जानेवारीला लच्छी झेंड्याला आली, पण फाटकाबाहेर उभी राहिली. बुंदीचं पाकीट मी दुसऱ्या पोरीच्या हाती पाठवलं, ते घेतलं. आत आली नाही. काल तिची आई परसोड्याच्या रस्त्यावरच्या शेतात कापूस वेचायला गेली होती, लच्छीही बरोबर. मी शाळा सुटल्यावर पुस्तक घेऊन तिथं गेले. बांधावर बसले. ती ओटीत कापूस भरत माझ्याकडे पाठ करून वेचत राहिली.

मी म्हटलं, “लच्छी, माझं एक काम अडलंय. आजीच्या पाया पडली, ते कोणत्या पानावर आहे? मला सापडेना.”

हा माझा डाव होता, कबूल आहे. पण ती वळली. बाईंना सापडत नाही आणि तिला येतं, एवढं तिला पुरलं. ओटी रिकामी केली, हात परकराला पुसले, माझ्याजवळ बसली. पानं मी आता बरोबर लावली होती. तिनं डोळे मिटले. मी म्हटलं, डोळे मिटून मला दिसणार नाही, बोट ठेवून दाखव.

तेव्हा तिनं पहिल्यांदा एका शब्दाला एक बोट ठेवलं. तोंडानं एक, कागदावर एक. चुकलं. परत पहिल्यापासून. तिची आई हाका मारत होती, तिला ऐकू येत नव्हतं. आजीच्या वाक्याआधीपर्यंत बोट बरोबर आलं आणि पुढे आजी सुरू झाली तर कागदावर पुढची ओळ भलतीच. परत. मग तिसऱ्यांदा तिनं पान उलटून मागे पाहिलं, प्रकाशात धरून पाहिलं आणि मला म्हणाली, “बाई, कागुद सरला. आजीचं उरलं.”

रोशन, मी बारा वर्षं शिकवते आहे. मला रडू आलं. तिथंच, बांधावर, तिच्या आईसमोर. बाईला इंगळी चावली की काय म्हणून ती बिचारी धावत आली.

लच्छीला माझ्या रडण्याचं काही नव्हतं. ती चिडली होती. म्हणाली, “तुमी आजीले काहून नाही लिहिलं?”

“मी नाही लिहिलं पुस्तक.”

“मंग कोनं लिहिलं?”

मी नाव दाखवलं. ती त्या नावाकडे असं पाहत होती जसं कोणी तिच्या घरात न विचारता शिरलंय. मग बोट परत त्या ओळीवर आलं, जिथं तिच्या हिशेबानं आजी असायला हवी होती. “आन इथं काय लिहेल हाये मंग?”

कोणत्याही पोरानं या पुस्तकाबद्दल मला हे विचारलं नव्हतं. काय लिहिलंय ते त्यांना माहीतच होतं ना!

आज ती शाळेत आली. कोणाशी न बोलता टोपलीतले शब्द घेऊन बसली. ‘आजी’ हा शब्द शोधत होती. अर्थातच नव्हता. पण शोधता शोधता तिनं ‘राजधानी’तला ‘जी’ नाही, ‘ज’ आहे, हे स्वतः ठरवलं आणि मला येऊन सांगितलं. मी नुसती टोपली तिच्याकडे सरकवली. परत काही बिघडवून ठेवायची भीती वाटते.

तुला हे सांगायचं होतं. तुलाच, म्हणून लिहिलं.

साधना


९ फेब्रुवारी

रोशन,

फ्रॉक मिळाला. निळा, चमकीचा. कंडक्टरनं पाटणच्या स्टँडवर हाक मारून दिला, सगळ्या टपरीनं पाहिला. लच्छीला एक बोट मोठा होतो, मी टाका घालीन.

आणि काल टेकडीवर तुझा फोन लागला, तेव्हा तू एकदम मऊ बोललास, म्हणून मला नीट भांडता आलं नाही. “दोन मिनटं पाठ म्हनू दे न तिले. लोकं खूश, सायेब खूश, पोट्टी खूश. मंग तू जलमभर वाचाले शिकव, मी नाही म्हनतो काय?”

त्यात खोटं काही नाही, हाच माझा घोटाळा आहे. लच्छी आता वाचते. पण कशी, तर चढावरच्या बैलगाडीसारखी. ‘ए… का… एका. ल… हा… न… लहान.’ एक ओळ व्हायला माझा चहा निवतो. स्टेजवर ती असं वाचायला लागली तर लोकांना वाटेल पोरगी अडखळते आहे. पाठ म्हटलं तर वाटेल काय वाचते! खरं ते दिसणार खोट्यासारखं आणि खोटं दिसणार खऱ्यासारखं. तू याच्यावर एक निबंध लिही.

न्यायलाच नको, असंही करून पाहिलं. जमत नाही. पोडाच्या प्रमुखापासून, म्हणजे नाईकांपासून सगळ्यांना कळलंय, तिच्या आईनं रोजी पाडायचं ठरवलंय, पोडावरच्या पोरांना लच्छी रोज सांगते की यवतमाळला काय काय दिसणार. आता नाही म्हटलं तर तिला वाटेल, तिला येत नाही म्हणूनच नेलं नाही. एकदा मी ते तिला बोलून चुकले आहे.

तुझं मला कळत नाही असं नाही. दोन वर्षांपूर्वी तू विज्ञानाचं प्रदर्शन उभं केलंस आणि भाषणात नाव भलत्याचं घेतलं गेलं, तेव्हा तू घरी येऊन न जेवता झोपलास. तू चांगला शिक्षक आहेस, रोशन. माझ्यापेक्षा चांगला. तुझ्याकडे कोणी पाहत नाही म्हणून तू आतून जळतोस, आणि आता पाहताहेत तर मी मध्ये पाय घालते आहे. मलाही वाटतं तुला टाळ्या मिळाव्यात. म्हणून काल मी काय केलं ते सांगते. फ्रॉकला इस्त्री केली आणि आज शाळेत लच्छीला म्हटलं, एकदा सगळं पाठ म्हणून दाखव बरं. हातवाऱ्यांसकट.

तिनं म्हटलं. एकही शब्द चुकला नाही. आजीसुद्धा आली. पोरांनी टाळ्या पिटल्या, मीही पिटल्या, आणि माझ्या मनात आलं, चालेल की. दोन मिनिटांचं तर आहे.

टाळ्या थांबल्यावर तिनं मला विचारलं, “बाई, तिथं कोनतं म्हनू? तोंडचं का कागदाचं?”

कागदाचं म्हण, असं म्हणायला हवं होतं. तुझा चेहरा समोर आला. मी म्हटलं, “तुला वाटेल ते.” आठ वर्षांच्या पोरीवर ढकलून मोकळी झाले आणि दिवसभर फळा पुसत बसले. पुसलेलाच परत पुसत होते.

परवा निघतो. पांढरकवड्याहून एसटी बदलून दुपारपर्यंत पोचू. लच्छीची आई बरोबर आहे. तू आम्हाला स्टँडवर घ्यायला येऊ नकोस, कार्यक्रमाच्या गडबडीत असशील. आलास तर बरं वाटेल, पण येऊ नकोस.

साधना


१३ फेब्रुवारी

रोशन,

तू स्टँडवर आलास. लच्छीच्या आईला ‘ताई’ म्हणून तिची पिशवी उचललीस. हे आधी लिहून ठेवते, कारण पुढचं लिहिताना माझा सूर कुठं जाईल सांगता येत नाही.

तू बोललास छान. खरंच. पुस्तक पडद्यावर दाखवलंस, पोडावरची पोरं, टोपलीतले शब्दसुद्धा, ते माझ्या पत्रातून उचललेस तरी मला राग नाही. मग लच्छीला बोलावलंस. निळा फ्रॉक, तेल लावून चापून बसवलेले केस. माईक तिच्या उंचीला केलास. मी पायऱ्यांजवळ भिंतीला टेकून उभी होते.

तिनं पुस्तक उघडलं. डोळे मिटले नाहीत. सभागृहाकडे पाहिलं, मग पानाकडे, आणि बोट ठेवलं.

“ए… का… एका.”

कागदाचं! तिला कोणी सांगितलं नव्हतं. सगळं तोंडात तयार असताना तिनं ते गिळून कागद धरला होता. “ल… हा… न.” खुर्च्या करकरायला लागल्या. मागून कोणी खोकलं. पुढच्या रांगेतल्या साहेबांनी तुझ्याकडे पाहिलं. ‘गावात’ला ती थांबली, बोट मागे नेलं, परत आणलं. तेव्हा तू खाली वाकलास, माईक हातानं झाकलास आणि तिच्या कानात पुढचं सांगितलंस, “एक मुलगी होती, म्हन, म्हन.”

तुला ती अडलीय असं वाटलं. तुझ्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. तुझा हेतू वाईट नव्हता, हे मी कोणालाही सांगेन.

माईक नीट झाकला गेला नव्हता. सगळ्या सभागृहानं ऐकलं, “सर, थांबा ना. मी वाचून राह्यली.”

लोक हसले. काही चांगले हसले, काही तसले. तुझा चेहरा मी पाहिला. तू बाजूच्या दारानं गेलास. मी तुझ्यामागे यायला एक पाऊल टाकलं आणि थांबले, कारण तिनं परत बोट ठेवलं होतं आणि मान वर करून मला शोधत होती. मी तिथंच उभी राहिले. याबद्दल तुला काय म्हणायचं ते म्हण.

आता तू न पाहिलेलं. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी तिला सोडवावं म्हणून मध्येच ‘जोरदार टाळ्या’ असं पुकारलं. टाळ्या झाल्या. लच्छीनं टाळ्या संपेपर्यंत बोट जागचं हलवलं नाही, संपल्यावर तिथूनच पुढे सुरू केलं. लोकांनी मग हार मानली. पहिलं पान संपवूनच ती खाली उतरली. चहाच्या वेळी एकजण म्हणाला, “व्हिडिओवाली पोरगी हीच का? स्टेजची भीती वाटली वाटतं.” मी म्हटलं, “नाही सर, व्हिडिओत ती वाचत नव्हती. आज वाचत होती.” त्यांना काही कळलं नाही. हे मी केंद्रप्रमुखांनाही सांगितलं आणि व्हिडिओ काढून टाकू असंही तुझ्या वतीनं कबूल केलं. त्यांनी चहा संपवला. मग म्हणाले, बघू. माझी पुढं जी काय चौकशी व्हायची ती होऊ दे. मला काल रात्री किती दिवसांनी झोप लागली.

येताना एसटीत लच्छीच्या आईचा डोळा लागला. लच्छी माझ्या बाजूला, खिडकीशी. प्रशस्तिपत्र मांडीवर. घाट संपल्यावर तिनं विचारलं, “बाई, सर रागावले काय? मी हळू वाचलं म्हून?”

मी म्हटलं, “नाही गं. सरांना पाणी प्यायचं होतं, म्हणून बाहेर गेले.”

तिनं जरा विचार केला. “मंग परत काहून नाही आले?”

मी म्हटलं, “येतील.”

रोशन, खोटं दाखवू नकोस म्हणून महिनाभर मी तुझ्याशी भांडले, आणि एसटीत बसून तुझ्यासाठी मीच त्या पोरीशी खोटं बोलले. दुसरं काही तोंडातून निघालं नाही. एक पान वाचण्यापायी आपण कोणाला तरी नाराज करून घालवलं, असं तिला वाटता कामा नये. सर रागावले नाहीत हे तिला माझ्या सांगण्यानं पटणार नाही, ती आता सांगितलेलं पडताळून पाहते.

शाळा साडेदहाला भरते. ये. फोन खिशात ठेव आणि मागच्या रांगेत पोरांमध्ये बस. ती दुसऱ्या पानावर आहे. मधे बोलू नकोस.

साधना